फुटपाथच्या आड आलेला ओटा

दवाखान्यातून परतताना सासूबाईंना ट्रकचा धक्का लागला आणि त्या रस्त्याकडेच्या गटारात पडल्या. मोडलेलं हाड जुळलं, पण मनातली भीती जाईना. त्यांनी घराबाहेर पाऊलच टाकलं नाही. "मला घरातच बरं," म्हणायच्या. त्यांच्या विधवा थोरल्या सुनेला, म्हणजे नर्सबाईला, ते पटत नव्हतं.

त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला जागाच नव्हती. नर्सबाईने नगरपालिकेचे उंबरे झिजवले. साहेब बदलले, ही काही बदलली नाही. अखेर फुटपाथसाठी सरकारी निधी मंजूर झाला. पण पुढे आलेली बांधकामं वर्षअखेरीपर्यंत हटली नाहीत तर तो परत जाणार होता. आणि सगळ्यांत पुढे आलेला ओटा होता तिच्या धाकट्या दिराच्या किराणा दुकानाचा.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" दीर भडकला. "वहिनी, आधी स्वतःच्या दारातली भिंत पाडा, मग मला शिकवा."

"भावजी, त्या दिवशी या ओट्याला वळसा घालायला म्हणूनच आई रस्त्यावर उतरल्या होत्या."

"म्हणजे मी आईला पाडलं?"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. आपण जरा जास्तच बोललो, हे तिला कळलं. पण शब्द काही तिने मागे घेतला नाही.

भिंतीचं मात्र त्याचं खरं होतं. तीही हातभर पुढेच होती, आणि नवऱ्याने ती स्वतः बांधली होती. रविवारी तिने गवंड्याला बोलावलं.

"बाई, दादांची आठवण आहे ही," गवंडी घुटमळला.

"आठवण मी विटांत नाही ठेवलेली. घाला पहार."

पहिली वीट निखळली तेव्हा मात्र तिने ती स्वतः उचलून बाजूला ठेवली. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. थोरल्याची भिंत जमीनदोस्त झाली, तशा त्या म्हणाल्या, "माझा वॉकर आण. धाकट्याकडे जायचंय."

"आज? मजूर गेल्यावर बघू."

"आत्ता."

वाहनांच्या बाजूने सून आणि आतल्या बाजूने सासू, अशा दोघी निघाल्या. हॉर्न वाजला की म्हातारीची बोटं वॉकरवर आवळायची. पण ती थांबली नाही. ओट्यापाशी येऊन तिने हाक मारली, "खाली ये रे. आता इथून पुढे मी कुठून जाऊ, तेवढं सांग."

दीर खाली आला. ओट्याकडे पाहिलं, धडधडत जाणाऱ्या ट्रककडे पाहिलं, आणि वॉकरवर आवळलेल्या आईच्या बोटांकडे. त्याने तिला धरून ओट्याला वळसा घालून पलीकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तोंड फुगवून स्वतःच ओटा फोडला. शेजारचे दुकानदार कुरकुरले. पण नर्सबाईच्या सख्ख्या दिराचाच ओटा गेल्यावर भांडायचं तरी कोणत्या तोंडाने?

फुटपाथ झाला. दीर कित्येक दिवस नर्सबाईशी बोलला नाही. मग एका सकाळी सासू-सून चालत येताना दिसल्या, तशी त्याने आईसाठी दुकानातली खुर्ची बाहेर आणून ठेवली.

"भावजी, खुर्ची फुटपाथवर नको."

"या बाईपुढे ब्रह्मदेवही हात टेकेल!" असं पुटपुटत त्याने खुर्ची आत घेतली आणि म्हणाला, "या वहिनी, तुम्हीही आत बसा."