एका कान्यासाठी अडलेली मोटारसायकल

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. ताडकळसच्या सरजाबाईंच्या गोठ्यात उभी असते. माझ्या हँडलला दावे अडकवलेले असते आणि म्हैस रोज माझ्या मडगार्डवर मान घासते. तरीही मला भंगार म्हणू नका. मी इथे एका कामगिरीवर आहे. ती माझ्याकडे कशी आली, ते ऐका.

माझा जन्म मद्रासकडच्या एका कारखान्यात झाला. सेलूचे कापसाचे आडते दिनकरराव यांनी मला घरी आणले, तेव्हा टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते. हंगामात कापसाचे तंतू माझ्या साखळीत अडकत आणि साखळी पांढऱ्या दोरीसारखी दिसे. दिनकरराव ते तंतू स्वतःच्या हातांनी काढत. पुढे त्यांनी जीप घेतली आणि मी विक्रीसाठी परभणीला नागनाथ मिस्त्रींच्या गॅरेजात आले. गिऱ्हाइके येत, किंमत विचारत, निघून जात. माझ्या सीटवर एक कोंबडी बसू लागली.

तिथेच मला डॉक्टर सीताराम भेटले. ते जनावरांचे डॉक्टर. एका संस्थेच्या दवाखान्यात नोकरीला होते. त्यांनी मला गाय तपासावी तसे तपासले. आधी दुरून पाहिले. मग चालू इंजिनावर तळहात धरून त्याची थरथर जोखली. सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरला आणि त्यावरचा डाग निरखून पाहिला.

"तेल जळत नाही. तब्येत उत्तम," ते म्हणाले.

मी तर तिथेच त्यांची झाले. खेड्यात एखादे जनावर अडले की डॉक्टर एस.टी.ने जात. पण अडलेल्या म्हशीला एस.टी.चे वेळापत्रक कुठे ठाऊक असते? त्यांना माझी गरज होती. सगळे पैसे जवळ नव्हते, म्हणून बँकेचे कर्ज काढायचे ठरले. आणि तिथे घोडे पेंड खायला लागले.

गाडी साहेबांना दाखवायची होती, म्हणून मी बँकेच्या खिडकीखाली उभी होते. आत बँकेचे साहेब माणिकराव डॉक्टरांचा पासपोर्ट उलटसुलट करून पाहत होते.

"नाव सीताराम, बोलता मराठी, आणि राहणार मॉरिशसचे? चेष्टा करता का राव?"

"माझे पणजोबा रत्नागिरीकडून जहाजात गेले, साहेब. उसाच्या कामाला. मी तिकडेच जन्मलो."

"म्हंजी गैरमुलकी म्हना की!" शिपाई बन्सीधर मध्येच बोलला. निजामाच्या राज्यात वाढलेली माणसे बाहेरून आलेल्याला गैरमुलकी म्हणत. निजाम गेला, शब्द राहिला.

"उद्या आगबोटीत बसलात तर आम्ही कुणाला धरायचे?" माणिकरावांनी विचारले. "जामीन आहे का?"

"नाही, साहेब. परदेशी माणसाला ती विकत घेता येत नाही, असे समजले."

"मग कर्ज विसरा."

मित्रांनो, घोटाळा तुमच्या ध्यानात आला ना? साहेबांनी विचारले होते जामीन, म्हणजे कर्जाची हमी घेणारा माणूस. डॉक्टरांच्या कानी पडली ती जमीन! मला सगळे कळत होते. पण माझ्या गळ्यात फक्त भोंगा होता, आणि तो बिघडलेला होता.

डॉक्टर दुसऱ्या बँकेत गेले. तिथेही तोच प्रश्न आणि तेच उत्तर. ते गॅरेजात येत, कोंबडीला उठवत, माझे हँडल घट्ट धरून नुसते उभे राहत. शेवटी ते खेड्यांत लोकांना विचारू लागले, "थोडी जमीन माझ्या नावावर होईल का? अगदी थोडी."

एक दिवस सरजाबाई त्यांना शोधत गॅरेजात आल्या. पदर खोचलेला, डोळे लाल.

"खरं सांगा डाक्तर, माज्या जमिनीवर डोळा कशापायी ठिवला तुमी? समदं गाव म्हनायलंय, ह्यो औषधाच्या बदल्यात रान मागतो. त्या भेवानं मी तुमाला येळंवर बोलावलं न्हाई. तुमी आले, म्हैस वाचली. पर रेडकू पोटातच गेलं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "बाई, मला शेत नको. गाडी हवी आहे. पण बँक म्हणते, जमीन आणा."

नागनाथच्या हातातला पाना खाली पडला. "अवो डाक्तर, जमीन न्हाई, जामीन! ज ला काना! मानूस पायजे, मानूस!"

तो पोट धरून हसला. सरजाबाई हसल्या नाहीत.

"येका कान्यापायी माजं रेडकू गेलं व्हय?" त्या म्हणाल्या. "चला बँकंत. मी हुते जामीन."

पुन्हा मी खिडकीखाली उभी राहिले. माणिकरावांनी चष्मा पुसला. "जामीनदाराच्या नावावर जमीन लागते, बाई."

म्हणजे जमीन लागणारच होती! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"हाय की माज्या नावावर," सरजाबाई म्हणाल्या.

"हा माणूस परदेशी आहे. पळाला तर तुमचे रान जाईल."

"पळायला गाडी लागती, सायेब. ती तर तुमी देईनात! आन् ह्यो मानूस खांद्यापातुर हात घालून माज्या म्हशीपाशी बसला हुता. गैरमुलकी आसंल तुमच्यासाठी."

मी डॉक्टरांची झाले. चारठाण्यापर्यंतचे चिखल मी तुडवले, ओढ्यांचे पाणी प्लगपर्यंत घेतले. सरजाबाईंची म्हैस पुन्हा व्यायली तेव्हा आम्ही वेळेवर पोचलो. तेव्हा जन्मलेले रेडकू आता म्हैस झाले आहे. माझ्या मडगार्डवर मान घासते ती हीच.

कर्ज फिटले. पण डॉक्टरांना इथे राहण्याची परवानगी वाढवून मिळाली नाही. मला आगबोटीतून नेणे त्यांना परवडणारे नव्हते. जाताना त्यांनी माझी चावी सरजाबाईंच्या हातात ठेवली.

आता गावकरी टोमणे मारतात, "कशाला येतोय आता तुजा डाक्तर?"

सरजाबाई माझ्या सीटवर थाप मारतात. "येतो की! जामीन ठिवून गेलाय."

हीच माझी कामगिरी, मित्रांनो. म्हणून एवढेच मागते. परमुलखातून आलेल्या माणसाला एखादा शब्द सांगून गप्प बसू नका. त्याला काय ऐकू आले, तेही विचारा. आणि गोठ्यावरून जाल तेव्हा माझ्या साखळीला थेंबभर तेल द्या, चाकांत हवा भरा. जामीन पायावर उभा राहायला हवा.