धाकट्याच्या पोटातली नळी

मी बोलतेय ती एका माणसाच्या पोटातून. बेंबीच्या मागे, कण्याला टेकून मोठी रक्तवाहिनी खाली उतरते ना, तिच्या आत माझा मुक्काम आहे. मी एक नळी. अंग घट्ट विणीच्या कापडाचं, सांगाडा तारेचा, आणि खाली विजारीसारखे दोन पाय. डॉक्टर मला स्टेंट-ग्राफ्ट म्हणतात. ज्याच्यात राहते तो मला काहीच म्हणत नाही. माझं दुखणं तिथूनच सुरू होतं.

माझा जन्म एका लख्ख खोलीत झाला. तोंडाला फडकं बांधलेल्या बायका भिंगाखाली बघत माझं कापड तारेला शिवायच्या. एक टाका चुकला की उसवून पुन्हा. एवढे लाड कुणाचे होतात? मग मला चेपून एका बारीक नळकांड्यात कोंबलं आणि पेटीत घालून पाठवणी केली. वाटलं होतं, जिनं जीव वाचवायचा तिला माणूस डोक्यावर घेऊन नाचेल.

मला मिळाला धाकटा. पन्नाशी उलटली तरी सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणते. दोघा भावांचं पंक्चरचं दुकान. थोरला, म्हणजे याचा दादा, एका दुपारी चाक खोलता खोलता पोट धरून बसला आणि दवाखाना गाठायच्या आत गेला. आतली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती, ती फुटली. हे दुखणं भावाभावांत असू शकतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी धाकट्याचंही पोट तपासलं. तिथेही फुगा होताच, फक्त फुटायचा राहिला होता.

म्हणजे मला ही जागा मिळाली तीसुद्धा दादाच्या मरणानं. त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्यावर जळत आले.

जांघेतल्या रक्तवाहिनीतून मला वर सरकवलं. पडद्यावर बघत बाईंनी मला मोकळं केलं. अंगाची ऊब लागली तशी मी उमलले आणि रक्तवाहिनीची भिंत घट्ट धरली. रक्त माझ्या पोटातून वाहू लागलं, फुग्यावरचा भार उतरला. धाकट्यानं डोळे उघडले. आता आपलं नाव निघेल म्हणून मी कान टवकारले. तो म्हणाला, "दादा."

पुढे रोज तेच. पाना सापडला नाही की दादा, कुठे ठेवलास. हवा भरताना दादा, एवढी बास का. डबा उघडला की पहिला घास हातात धरून तो उगाच रस्त्याकडे बघत बसायचा. मी आत रात्रंदिवस रक्ताचे धक्के सोसतेय आणि कौतुक कुणाचं, तर जो नाही त्याचं. एखाद्यानं म्हटलं की बाबा, ऑपरेशन झकास झालं हो तुझं, तर हा म्हणायचा, दादाला मिळालं असतं तर झालं असतं झकास. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तो चुकत नाही, चिडत नाही, म्हातारा होत नाही.

आता खरी गोष्ट. बाईंनी बजावलं होतं, दर वर्षी पोटाचा फोटो काढून नळी तपासायला यायचं. आणि इथे दादाचा एक नियम आडवा आला. टायरला फुगारा आला की आतून रबराचा जाड तुकडा बसवतात, त्याला गेटर म्हणतात. दादा म्हणायचा, गेटर एकदा बसलं आणि चाक पळू लागलं की उघडून बघायचं नाही. बघायला गेलं की सुटतं. धाकट्यानं तो नियम माझ्यावर लावला. फिरतोय, खातोय, चाकं उचलतोय, मग कशाला उघडायचं? तपासणीची तारीख आली आणि गेली.

इकडे वरची भिंत थोडी सैलावली आणि मी केसभर खाली घसरले. कापडाच्या मागून रक्त झिरपू लागलं. फुगा पुन्हा तटतटायला लागला. धाकट्याला काही दुखेना. मी ओरडणार कशी? तारेला तोंड नसतं. तो गाणं गुणगुणत टायर ठोकत होता आणि मला कळत होतं, आम्ही दोघं दादाच्याच वाटेनं निघालोय.

वहिनी, दादाची बायको, आता दुकानात बसते. तिनं विचारलं, तपासून आलास का. त्यानं दादाचा नियम ऐकवला. वर हसून म्हणाला, वहिनी, चालत्या चाकाला हात लावत नाहीत.

वहिनीनं हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, "तुझ्या दादानं एकदा माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला होता. आत धडधडत होतं. म्हणाला, बघ, काळीज घसरून पोटात आलंय. आणि मी हसले रे. दोघंही हसलो."

धाकट्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली.

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"कुणालाच सांगितलं नव्हतं. आता तुझ्या पोटावर हात ठेवून बसायची वेळ आणू नकोस. ऊठ."

तो उठला. अर्धवट चढवलेलं चाक गिऱ्हाइकापुढे तसंच सोडून उठला. माझ्यासाठी नाही, हेही मला कळलं.

फोटोत सगळं दिसलं. डॉक्टरीणबाई त्याच्यावर चांगल्याच भडकल्या, आणि मग माझ्या वरच्या टोकाला माझ्यासारख्याच नळीची एक आखूड कॉलर बसवली. गळती थांबली. म्हणजे आता माझ्या डोक्यावर सवत. वीतभरसुद्धा नाही, पण जो तो तिचीच चौकशी करतो. नवीन कशी आहे, नीट बसलीय ना. जुनीला कोण विचारतो?

तिच्यावर मी जळतेच. पण ते जळणं सोपं आहे. ती समोर आहे, उद्या तीही घसरेल, तिलाही बोलणी बसतील. दादाचं तसं नाही.

धाकटा आता कुणी न सांगताही तपासणीला जातो. दवाखान्याच्या बाकावर बसून शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, भाऊ आहे का तुम्हाला, त्याचं पोट तपासलंत का. लोक चमकून बघतात. तुम्हीही विचारा, चमकू देत. कारण एखादी नळी दादाच्याही पोटात वेळेवर पोचली असती, तर आज दोघं भाऊ त्या बाकावर एकमेकांना ढोसत बसले असते. धाकट्यानं माझ्याकडे तेव्हाही लक्ष दिलं नसतंच. मी दादावर तेव्हाही जळले असते.

जिवंत माणसावर जळायला मिळालं असतं, एवढंच.