शेवटच्या डोक्याचा उमेदवार

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस अद्याप बराच अवकाश होता आणि कोणत्याही पक्षाने कोणाचेही नाव अधिकृतपणे उच्चारले नव्हते. तरीही मेणाच्या पुतळ्यांच्या त्या कारखान्यात ‘पुढचा कोण?’ हा प्रश्न चुलीवर ठेवलेल्या दुधाप्रमाणे दररोज उतू जात असे. यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. मेणाचे डोके काही भूछत्रासारखे एका रात्रीत उगवत नाही. आधी मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात ओतलेले मेण, मग काचेचे डोळे, आणि सर्वांच्या शेवटी केस. हे केस एकेक करून, ऊन केलेल्या सुईने, मेणात रोवावे लागतात. एका डोक्यापायी अख्खा हिवाळा सरतो. हे पुतळे ज्या संग्रहालयात जात त्याच्या मालकांचा तर असा बाणा होता की निकाल लागल्याच्या दुसऱ्या सकाळी नवा राष्ट्राध्यक्ष दालनाच्या मधोमध उभा दिसलाच पाहिजे.

पूर्वी या अडचणीवर तोडगा असा होता, की जितके उमेदवार तितकी डोकी आधीच करून ठेवावयाची. जिंकला तो दालनात, हरले ते कढईत. त्या वितळलेल्या मेणातूनच पुढल्या खेपेची डोकी ओतली जात. त्यामुळे दालनातील प्रत्येक राष्ट्राध्यक्षाच्या गालात आधी हरलेल्या दोन-चार जणांचे मेण असेच असे. सगळे राष्ट्राध्यक्ष काही काळाने एकमेकांसारखे का दिसू लागतात, याचे कारण पुतळेकाराच्या मते तेच होते.

केस रोवण्याचे काम पुतळेकाराची बायको करी. त्या वर्षी पावसाळा सरता सरता डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितले, “आणखी एक डोकं करायचं तर करा. त्यानंतर सुई खाली ठेवा.”

घरी परतताना ती वाटेत हसून म्हणाली, “टकला निवडून आला म्हणजे बरं. माझं एक डोकं शिल्लक राहील.”

पुतळेकार हसला नाही. तिने आयुष्यभर रोवलेली डोकी त्याच्या मनश्चक्षूंपुढून एकामागून एक जाऊ लागली, आणि त्यांतील बहुतेक सर्व कढईच्या दिशेने चालली होती. कढई तापण्यापूर्वी ती स्वतःच त्या डोक्यांचे केस चिमटीने उपटून काढी, जणू शेंगा सोलत आहे अशा सहजतेने. परंतु त्यास ते कधीच पाहवले नव्हते. त्याच क्षणी त्याने मनाशी निश्चय केला, की हिचे शेवटचे डोके कढई पाहणार नाही. हा निश्चय त्याने कोणासही सांगितला नाही. त्यासाठी एकच गोष्ट करणे प्राप्त होते, ती म्हणजे जो जिंकणार त्याचेच डोके करणे. म्हटले तर एवढीशी गोष्ट!

या खेपेस एकच डोके करावे, हे मालकांनाही पटले. ते म्हणाले, “एकच करा, पण नेमकं करा. माझ्या दालनात हरलेला माणूस नको.”

तेव्हापासून पुतळेकार भेटेल त्यास विचारू लागला. वर्तमानपत्रे उपाध्यक्षांकडे बोट दाखवीत होती. बायकोचा धाकटा भाऊ बस चालवीत असे. तो दुपारच्या सुटीत डबा घेऊन कारखान्यात येई आणि निवृत्त सेनापतींचा कैवार घेई.

“भाऊजी, डोळे झाकून सेनापती करा. माझ्या बसमध्ये दिवसाला शंभर तोंडं चढतात. त्यातली ऐंशी सेनापतींचं नाव घेतात.”

“आणि उरलेली वीस?”

“ती खिडकीसाठी भांडतात.”

आतून बायकोचा आवाज आला, “अरे शहाण्या, मागच्या वेळी तू ज्याचं नाव घेतलंस, त्याचं अख्खं डोकं केलं मी. त्याला त्याच्या बायकोनं तरी मत दिलं होतं की नाही, देव जाणे.”

“ताई, तो माणूस चांगला होता गं.”

“चांगला होता म्हणूनच वितळला.”

काचेचे डोळे पुरविणारा एक वयस्क गृहस्थ होता. त्यास सर्वजण डोळेवालाच म्हणत. तो मखमलीच्या पेटीत डोळे मांडून आणी, आणि पेटी उघडली की आपल्याकडे कोणी तरी एकदम लक्ष देत आहे असा भास होई. त्याचा कौल आरोग्यमंत्री बाईंना होता.

तो म्हणाला, “माझा एक ठोकताळा आहे. ज्याचे डोळे माझ्याकडे आयते असतात, तोच येतो. बाईंचे डोळे हे बघा, जसेच्या तसे.”

“तुमच्याकडे कोणाचे नसतात?” बायको म्हणाली. “माझेसुद्धा असतील. काढून ठेवा एक जोड, लागणार आहेत.”

डोळेवाला पेटी मिटून घेत म्हणाला, “वहिनी, असलं बोलू नये.” आणि तो खरोखरच कष्टी झाला.

अशा रीतीने प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेत पुतळेकाराचे हात मातीवर चालत राहिले. सकाळी त्याने उपाध्यक्षांचे रुंद कपाळ घडवावे, तो दुपारी मेहुणा येऊन बोलून जाई आणि संध्याकाळपर्यंत नाक सेनापतींचे होई. डोळेवाला येऊन गेला की गालांची हाडे किंचित वर चढत. मालकांचा मात्र मनातून बंदराच्या शहराच्या तरुण महापौरांवर लोभ होता. मालकांचा तसा निरोप आला त्या दिवशी हनुवटीस खळी पडली. हे आपल्या हातून घडत आहे याचे भान पुतळेकारास अजिबात नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु ते भान वाहत्या पाण्याखालच्या खड्यासारखे होते. दिसे, पण हाती येत नसे.

जेवणानंतर त्यास खुर्चीतच डुलकी लागे. खिडकीतून उतरलेले पिवळे ऊन मेणाच्या वड्यांवर पसरे, कारखान्यात मधासारखा वास दाटून येई, आणि त्यास स्वप्न पडे, की बाहेरच्या जिन्याच्या पायऱ्यांवर सर्व उमेदवार रांगेने बसलेले आहेत. त्यांच्या अंगावर उत्तम कोट होते. चेहरे मात्र मळलेल्या कणकेसारखे, नाकडोळ्यांवाचून. ते दवाखान्यात बसल्याप्रमाणे शांत होते.

“आमचा नंबर कधी?” त्यांतील एकाने अदबीने विचारले. तोंड नसताना तो कसा बोलला, हे स्वप्नात खटकले नाही.

“पण आपण निवडणुकीला उभे राहणार का?” पुतळेकाराने विचारले.

सर्वांनी एकमेकांकडे माना वळविल्या. “तेच तर तुम्हाला विचारायला आलो,” ते म्हणाले.

हे स्वप्न त्यास इतक्या वेळा पडले की जागेपणीही जिना उतरताना तो भिंतीच्या कडेने उतरू लागला. न जाणो, कोणाच्या पायावर पाय पडेल.

अखेर एके दिवशी साचा उघडला, आणि पुतळेकार दोन पावले मागे सरला. माती करडी असते, तिच्यात माणूस लपू शकतो. मेणास कातडीचा रंग येतो आणि त्याचे सारे उघडे पडते. समोरचा चेहरा सुरेख होता, जिवंत होता, आणि तो कोणाचाही नव्हता.

तो कढईखालचा विस्तव पेटविणार, इतक्यात मेहुणा जिना चढून वर आला आणि दारातच थबकला. “वा भाऊजी! शेवटी माझंच ऐकलंत. सेनापती साक्षात!” दोन दिवसांनी डोळेवाल्याने खोबणीत डोळे बसविले आणि तो सद्गदित होऊन म्हणाला, “बाई थोड्या थकलेल्या वाटतात. पण तुम्ही बरोबर पकडलंत.” बाईंना मिशीची सावली कोठून आली, हे त्याने विचारले नाही.

पुतळेकारास वाटले, हा काही तरी शुभ संकेतच आहे. चेहऱ्याने पाहिजे तेवढे दिवस पाहिजे त्याचे असावे. केस ठरवतील तेव्हा ठरेल. पांढरे, बारीक कापलेले रोवले की सेनापती. काळेभोर रोवले की महापौर. त्याने डोके उचलून बायकोच्या मेजावर नेऊन ठेवले.

ती भिंग लावून वीतभर अंतरावरूनच काम करी. तेथून तिला चेहरा असा दिसतच नसे, टाळू तेवढी दिसे.

“कोणाचं आहे?”

“तू सुरुवात तर कर.”

“फोटो कुठे आहे? कोणाच्या फोटोवरून लावू?”

“अगं, अजून उमेदवार जाहीर व्हायचे आहेत.”

तिने भिंगावरून त्याच्याकडे पाहिले, एक सुस्कारा टाकला, आणि डोके फिरवून मागच्या बाजूने सुई टोचली. तेथे काय असते, हे तशीही कोणत्याच छायाचित्रात नसते. टाळूवर तिने एक भोवरा घातला आणि त्यातून केस सोडले. आधी काळे, मग त्यांत करडे, कानांमागे जरा दाट, मानेवर विरळ. हिवाळाभर तो शेजारी बसून सुई ऊन करून देई. बाहेर लोक तर्क लढवीत, आत केस वाढत. पुढे येता येता तिने एकदाही विचारले नाही, की भांग कोणत्या बाजूचा.

केस कपाळापर्यंत पोहोचले त्याच आठवड्यात मालक पाहावयास आले. दारातूनच त्यांचा चेहरा उजळला. “महापौर! मी म्हणत नव्हतो?” परंतु मालकांचे आयुष्य पुतळ्यांत गेले होते. ते चार पावले जवळ आले, वाकले, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “नाही. हे महापौर नाहीत. कोण आहे हा?”

येथे पुतळेकार खोटे बोलू शकला असता. ‘महापौरच आहेत, भांग पाडला की दिसतील,’ एवढे म्हणणे पुरेसे होते. परंतु ते खोटे निवडणुकीपर्यंतच टिकले असते, आणि निवडणुकीनंतर कढई होतीच.

“कोणीच नाही, मालक,” तो म्हणाला. “माझ्या हातून सगळेच झाले.”

मालक बराच वेळ बोलले. त्या बोलण्याचे सार असे होते, की त्यांना राष्ट्राध्यक्ष हवा आहे, खिचडी नको. शेवटी ते म्हणाले, “आता दोनच मार्ग. हे आज वितळवा आणि महापौरांचं डोकं करायला घ्या. केस मी दुसरीकडून लावून आणीन. नाहीतर राष्ट्राध्यक्ष नदीपलीकडच्या कारखान्यात होईल. मी आणखी थांबू शकत नाही.”

“टाका की कढईत,” बायको सुई न थांबविता म्हणाली. “इतकी टाकली, त्यात आणखी एक.”

“हे टाकणार नाही,” पुतळेकार म्हणाला.

“का बरं?”

तो आपल्या नखांतील माती काढू लागला. मग म्हणाला, “तुझं शेवटचं आहे.”

तिने सुई खाली ठेवली. “म्हणून एवढे महिने उमेदवार शोधत फिरत होतात? आणि मी समजत होते, म्हातारपणी राजकारणाचं वेड लागलं! अहो, मला एकदा विचारायचं तरी. मी दालनात कधी पाऊल टाकलंय का? जिंकलेल्यांनासुद्धा मी पुन्हा बघायला गेले नाही. ते सगळे फोटोबरहुकूम. दुसऱ्याच्या डोक्यावर दुसऱ्याचेच केस.”

“मग टाकू?” त्याने अगदी खालच्या आवाजात विचारले.

तिने त्या डोक्यावरून हळूच बोटे फिरविली. नजरेपेक्षा बोटांनाच तिला आता अधिक कळत असे. “हे मी मला हवं तसं केलंय,” ती म्हणाली. “ह्याला बघायला मी जाईन.”

पुतळेकार मालकांकडे वळला. दालनाच्या मधोमधचा माणूस उभ्या हयातीत त्यानेच घडविला होता, आणि ती जागा त्यास आपल्या घराच्या उंबऱ्याइतकी ओळखीची होती. तरीही तो म्हणाला, “राष्ट्राध्यक्ष पलीकडून आणवा, मालक.”

मालकांनी हात झाडले. पण जाता जाता ते डोक्याच्या मागून गेले आणि तेथे रेंगाळले. “मागून तर खरंच माणूस वाटतो हो,” ते नाराजीनेच म्हणाले. “बसवा बाकावर. बघायला आलेल्यांत एक.”

त्याप्रमाणे डोके धडावर बसवून त्यास साधा कोट चढविण्यात आला आणि दालनातील बाकावर, नव्या राष्ट्राध्यक्षासाठी मोकळ्या ठेवलेल्या चौथऱ्याकडे तोंड करून, बसविण्यात आले. वसंतातल्या एका सुस्त दुपारी पुतळेकार बायकोचा हात धरून तिला तेथे घेऊन गेला. छतातून झिरपणाऱ्या उजेडात सर्व राष्ट्राध्यक्ष अर्धवट झोपेत असल्यासारखे उभे होते. बाकावर पुतळ्याशेजारी एक म्हातारबुवा येऊन टेकले होते आणि त्याच्याशीच बोलत होते.

“काय साहेब, तुम्हाला कोण येईल असं वाटतं?”

पुतळेकार खुलासा करण्यासाठी पुढे सरसावला, तोच बायकोने त्याचा हात दाबला. म्हातारबुवांनी उत्तराची नीट वाट पाहिली. मग त्यांनी समजुतीने मान डोलावली. “बरोबर आहे. आत्तापासून काय सांगणार? पण माझं विचाराल तर, उपाध्यक्षांना नशीब साथ देईल असं वाटत नाही...”

आणि ते एकेक नाव घेऊन सांगत सुटले. बायको चाचपडत बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. थोडा वेळ तिने ऐकून घेतले, मग पुतळ्याच्या पुढून वाकून तिने विचारले, “आणि आरोग्यमंत्री बाईंचं काय म्हणता?”