एरंडेलाच्या बाटलीत पाणी

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे. माझ्या पोटात एरंडेल तेल असते आणि सध्या डोक्यात राग आहे. बाटलीला डोके कुठले म्हणाल, तर बूच आहे, तेवढे रागाला पुरते.

माझ्या तेलाचे कौतुक तुम्ही कधी केले नाही. कुणाचे तोंड वाकडे झाले की तो 'एरंडेल प्यायल्यासारखा' दिसतो. कुणी कंटाळवाणे बोलत बसला की ते 'एरंडाचे गुऱ्हाळ'. 'ओसाड गावी एरंड बळी' हे तर विचारूच नका. पण ठिपकेदार बिया घाण्यात चिरडून घेतात, तेव्हा कुठे हे दाट, हट्टी तेल निघते. मला उलटी केली तरी थेंब सावकाश येतो. मी कधी भसकन सांडत नाही. एवढा एकच गुण माझ्यापाशी होता, आणि घरच्यांनी त्यावरच पाणी फिरवले.

मला घरात आणले ते आईने. ती शिंप्याच्या दुकानासाठी घरी बसून कोटांना रेशमी अस्तर लावायची. तिच्या बोटांना भेगा पडत आणि त्यांत रेशमाचा धागा अडकून ओढला जाई. दुकानाच्या मास्तरांनी बजावले होते, "बाई, पुन्हा काम बिघडलं, तर रेशीम बंद. मग जाड्याभरड्या पिशव्या शिवा." म्हणून रोज संध्याकाळी ती मला पेल्यात उलटी उभी करी, तेल बुचापाशी उतरले की दोन थेंब बोटांना चोळी आणि हातांत जुने सुती मोजे चढवून झोपे. मुलीची वेणी घालायला बसली तर मुलगी ओरडे, "आई गं, तुझी बोटं अडकतात केसांत!"

पण मला आईपुरती राहू देतील तर शपथ! तिचे दीर, टकलू काका, तळहातभर तेल टाळूला थापत. एका सकाळी ते आनंदाने म्हणाले, "वहिनी, बघा, लव आलीय!" ती लव नव्हती, उशीचा कापूस चिकटला होता. टकलावर केस उगवून देईन, असे मी कधी कुणाला म्हटले होते का? मुलीने तर एकदा मला तशीच केसांत ओतली. पातळ तेलात थोडेसे मिसळून लावायचे असते, हे कुणाला सांगू? केसांची दोरी झाली, आणि ती सोडवता सोडवता बोलणी खाल्ली मी.

मग तो दिवस उजाडला. मी अर्ध्याच्या खाली गेले होते. सकाळी काकांनी इकडेतिकडे पाहिले आणि तूट झाकायला मला क्षणभर नळाखाली धरले. दुपारी मुलीने भुवयांना तेल लावले आणि तिनेही तेच केले. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. माझी काच गडद, आत तेल किती नि पाणी किती ते कळेना; बाहेरून मी भरलेलीच दिसले.

मित्रांनो, पाणी तेलापेक्षा जड. आईने संध्याकाळी मला उलटी ठेवली आणि ते सगळे बुचापाशी येऊन बसले. कोटाचे चार टाके उरले होते. अंगठा फार ठणकत होता, म्हणून कोट मांडीवर असतानाच तिने मला तिरकी धरून बूच काढले. निष्काळजीपणाने नाही. इतक्या वर्षांच्या भरवशाने.

पाणी भसकन रेशमावर पडले.

"एरंडेलातून पाणी?" आई म्हणाली.

काकांचा चेहरा एरंडेल न पिताच तसा झाला. "वहिनी, मी एकदाच घातलं हो."

"काका, तुम्ही पण?" मुलीच्या तोंडून निसटले.

आई कोटाकडे बघत राहिली. "संपलं म्हणून सांगितलं असतं, तर मी दुसरं आणलं असतं ना."

ओल सुकली, पण रेशमावर डागाची कडा उमटली. तिने सगळे करून पाहिले, कडा गेली नाही. मास्तरांनी कोट उजेडात धरला, घडी घातली आणि पिशव्यांच्या कापडाचा गठ्ठा पुढे सरकवला.

आता माझ्यात नवे तेल आहे, आणि मुलगी रोज ते आईच्या बोटांना चोळते. काका टाळू उघडीच ठेवतात. भेगा हळूहळू भरल्या. परवा आई पातळ तेलात माझे चार थेंब मिसळून मुलीच्या केसांना लावत होती.

"आई, आज तुझी बोटं अडकली नाहीत!" मुलगी म्हणाली.

आईचा हात थांबला. "हो ना? जा, रेशमाला सांग."

मला भरून आले, आणि या वेळी पाण्याने नव्हे.

तेव्हा मित्रांनो, तेल हवे असेल तर जरूर घ्या. थोडे घ्या, आणि ज्याच्यासाठी आणले त्याला आधी विचारा. संपले तर मला रिकामीच राहू द्या. रिकामी बाटली दिसली असती, तर आईने नवे तेल आणले असते. मी भरलेली दिसले, म्हणून ती फसली.