निळा रंग जाईना

दहा मिनिटं झाली तरी नळीतला निळा रंग जाईना.

"काका, तुमचं मशीन बिघडलं!" मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली आणि वर्ग खदखदून हसला.

"सव्वीस वर्षं चाललं गं. वॉरंटी कधीच संपली," प्रयोगशाळेतले काका म्हणाले. तेही हसले, पण हसताना वरचा ओठ दातांना चिकटून राहिला.

प्रयोग दरवर्षीचाच. उकळलेल्या पिठाच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की ते निळंशार होतं. त्यात माणसाची लाळ घातली की पिठाची साखर होऊ लागते आणि निळा रंग हळूहळू नाहीसा होतो. पचन पोटात नाही, तोंडातच सुरू होतं, हे विज्ञानाच्या बाई असं शिकवत. लाळ काकांची. पोरं लाजत, काका लाजत नसत. देवानं फुकट दिलेलं द्यायला लाज कसली, म्हणत.

आज मात्र लाळेनं नळीचा तळ भिजेपर्यंत त्यांना घाम फुटला होता.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला.

"पीठ जुनं असेल, बाई."

"बघू या." बाईंनी त्याच निळ्या पाण्यानं दुसरी नळी भरली, पाठ फिरवून तिच्यात स्वतःची लाळ घातली.

"मुठीत धरा. अंगाची ऊब लागते तिला. आणि घाई नको."

चार मिनिटांनी बाईंनी मूठ उघडली. नळीत नुसतं पाण्यासारखं पाणी. म्हणजे पिठात खोट नव्हती.

बाई नळीकडे नाही, काकांकडे बघत होत्या. "किती दिवस झाले?"

"दोन महिने. घासागणिक पाणी लागतं. ही म्हणते, जेवताय की घास धुताय?" काका हसायला गेले, जमलं नाही. "थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी तोंड कोरडं, मग इथं गाठी." त्यांचा हात कानाखाली गेला आणि तिथंच थांबला. "शेवटी शेवटी ताट पुढ्यात ठेवलं की नुसता बघत बसायचा."

"काकूंना सांगितलंत?"

"उष्णता झालीय म्हणून सांगितलं."

"उद्या दवाखान्यात जायचं. त्यांना घेऊन."

"उद्या दुसरी तुकडी आहे, बाई. लाळ कोण देणार?"

"मी देईन."

काकांनी ती निळीच राहिलेली नळी धुवायला घेतली. सव्वीस वर्षांत हे काम त्यांनी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. मग त्यांनी मान हलवली.

"मग नीट ऐका. चहा पिऊन लगेच येऊ नका, तोंड नुसत्या पाण्यानं धुवा. आणि पोरं हसली तर हसू द्या, पण त्यांना सांगा की..."

पुढचा शब्द टाळूला चिकटला. जीभ हलली, आवाज आला नाही. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. काकांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, सावकाश गिळला, आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.