दुकानातलं विरजण

गुरोचं डोकं फिरवलं ते कौतुकानेच. गेल्या नाताळात शेजारीपाजारी तिची बिअर चाखून म्हणाले, "वा! अगदी तोर्केलसारखी झालीय!" तोर्केल म्हणजे तिचा सासरा. चाळीस वर्षं त्याने या घराची नाताळची बिअर केली. आता हात थरथरतात, म्हणून तीन वर्षांपासून ती करत होती. लाकडं हिने फोडायची, पिंपं हिने घासायची, आणि नाव म्हाताऱ्याचं! यंदा अशी बिअर करायची, की लोकांनी म्हणावं, ही गुरोची.

सप्टेंबरपासूनच ती मागे लागली. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळून त्याचं पाणी तर व्हॉसच्या खोऱ्यात सगळेच घालतात. तिने वर संत्र्याची साल, दालचिनी आणि लवंग घातली. पहिल्या खेपेला लवंग इतकी झाली की दातदुखीचं औषध प्यायल्यासारखं वाटलं. दुसऱ्या खेपेला साल कडवट उतरली. तिसऱ्या खेपेला मात्र जमलं: वीस लिटरला चारच लवंगा, सालीचा फक्त वरचा पातळ पापुद्रा, दालचिनी शेवटची दहा मिनिटं, आणि चिमूटभर वेलची. स्वारी अशी खूश झाली की उकळत्या हंड्यापुढे एकटीच नाचली.

आणि तिथेच घात झाला. बिअरचं विरजण दरवेळी आधीच्या बिअरच्या तळातूनच काढून ठेवायचं असतं, आणि तेही साध्या बिअरच्या. मसाला पडला असेल तर त्या गाळाला हातसुद्धा लावायचा नाही. गुरोला हे काय ठाऊक नव्हतं? पण जुनं विरजण ती प्रयोगांत संपवून बसली होती, आणि पुन्हा साधी बिअर करत बसायचा तिला कंटाळा आला. मसाल्याचा गाळच तिने बरणीत भरला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाकण उघडलं, तर भपकन आंबूस वास, वर हिरवी बुरशी. तळातलं थोडं जवाच्या कोमट रसात घालून तिने तीन दिवस वाट पाहिली. एक बुडबुडा येईल तर शपथ! तोर्केलच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं विरजण तिने मारून टाकलं होतं.

तसं बघितलं तर उपाय अगदी समोर होता. रस्त्यापलीकडे ब्रिन्युल्फचं घर. त्याच्या आजोबांनी विरजण गुरोच्याच घरातून नेलेलं. खोऱ्यातली रीतच आहे: आपलं बिघडलं की शेजाऱ्याचं दार वाजवायचं, त्यात कमीपणा नाही. पण तो विचारणारच, कशाने गेलं? मग काय सांगायचं, नाव कमवायला निघाले आणि मसाला घालून मारलं? तीन वेळा तिने कोट चढवला आणि तीन वेळा काढून ठेवला. चौथ्यांदा निघाली ती थेट गावातल्या दुकानात, आणि यीस्टचं पाकीट घेऊन आली.

विरजण घालताना जोरात आरोळी ठोकायची असते, तरच बिअर चढते म्हणतात. सासरा वर खुर्चीत कान देऊनच बसलेला. पाकीट रिकामं करताना तिने आरोळी ठोकली खरी, पण ती घशातच चिरकली.

"आवाज बसला का गं तुझा?" वरून म्हातारा ओरडला.

"सर्दी झालीय, बाबा."

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी सातआठ शेजारी चाखायला जमले. पहिला घोट नेहमीप्रमाणे तोर्केलचा. त्याने तो बराच वेळ तोंडात घोळवला, छताकडे पाहिलं आणि वाडगा उंचावला. "आपलंच विरजण! मसाल्याआडूनही ओळखू येतंय."

"गुरोची बिअर!" कुणीतरी ओरडलं. वर्षभर ज्या दोन शब्दांसाठी ती झुरली होती ते ऐकून तिला वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं.

इतक्यात ब्रिन्युल्फने जाकिटातून धुतलेली बरणी काढली. "ए गुरो, भर बघू ही. गेल्या महिन्यात माझ्या तळघरात पाणी शिरलं, विरजणाचं पार वाट्टोळं झालं. बरणी जमिनीवर ठेवली होती, दुसरं काय! आजोबा इथूनच मागून घेऊन गेले, आता नातू आलाय भिकेला."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. इतकं सोपं होतं ते!

बरणी घेऊन ती तळघरात गेली. पिंपाच्या तळाशी पांढरा गाळ होता. भरून दिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि खरं सांगावं, तर चारचौघांत म्हाताऱ्याच्या जिभेचं हसं. तिने पळी दोनदा उचलली, दोनदा ठेवली. आयुष्यभर ब्रिन्युल्फच्या दारावरून जायचंय आपल्याला, असं मनाशी म्हणत ती रिकामी बरणी घेऊन वर आली.

"बाबा, हे आपलं नाहीये. दुकानातलं आहे. आपलं मी मारलं, मसाल्याचा गाळ भरून ठेवला."

तोर्केलने वाडगा गुडघ्यावर ठेवला. "पहिल्याच घोटाला वेगळं लागलं होतं मला," तो हळूच म्हणाला. "वाटलं, माझी जीभच गेली. मग सगळ्यांदेखत कसं म्हणू?" त्याचे कान लाललाल झाले होते. ती लाज तिने त्याच्यावर आणली होती. तिला त्याच्याकडे बघवेना.

"कधी गेलं?" ब्रिन्युल्फने विचारलं.

"ऑक्टोबरच्या सुरुवातीला."

"ऑक्टोबरात माझं ठणठणीत होतं गं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "तेव्हा आली असतीस तर निम्मं दिलं असतं. मग माझं बुडाल्यावर मी तुझ्याकडून परत नेलं असतं."

"अजून कुणाकडे असेल ना?" गुरोने सासऱ्याला विचारलं.

तोर्केलने मान हलवली. "दोनच घरांत होतं."

मग ब्रिन्युल्फने रिकामी बरणी जाकिटात घातली आणि तिला बरं वाटावं म्हणून आपला वाडगा पुढे केला. गुरोने त्याच्या तोंडाकडे न बघता तो काठोकाठ भरला.