भिकाजीचा सोमवार

भिकाजीचं निळं हवाई पत्र आलं की गोदूबाई आधी हात धुवायची. दिवसभर मासळी हाताळलेले हात ते. साबण लावा नाहीतर राख लावा, वास जायचा तेवढाच जायचा. पण धुतल्याशिवाय ती पत्राला शिवत नसे. मग धाकटी लेक सुशीला दारातल्या उजेडात बसून वाचून दाखवायची.

भिकाजी तिचा एकुलता एक मुलगा. मालवणात मास्तर म्हणून चिकटलेला, पगार चालू झालेला. आणि बासष्ट साली मुंबईच्या कुठल्याशा संस्थेची जाहिरात वाचून हा बाबा चालला आफ्रिकेला, टांगानिकात. समुद्रकाठच्या एका गावात दोन वर्षं मुलांना शिकवायचं. पगार नाही, खोली आणि जेवण गावाकडून. शेजारची हौसाबाई म्हणाली, "फुकट मास्तरकी करूक इतक्या लांब कित्याक? हंय पोरां कमी आसत?" गोदूबाईला मनातून अगदी तेच वाटत होतं, म्हणूनच ती हौसाबाईवर उखडली.

निघताना तिने त्याच्याकडून एकच वचन घेतलं. गावच्या रामेश्वराला ती नवस बोलली होती की पोराला सुखरूप ठेव, तो तिथेही सोमवार पाळेल, मासळीला शिवणार नाही. भिकाजीने मान डोलावली आणि तो बोटीत चढला.

पत्रांतून तिथलं सगळं कळायचं. शाळा म्हणजे झावळांनी शाकारलेली पडवी. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला. बाकं नाहीत, मुलं वाळूत बोटाने गणितं मांडतात आणि वारा सुटला की उत्तरं पुसून जातात. मास्तर सकाळी स्वतः विहिरीचं पाणी आणतो म्हणून सगळं गाव हसतं, कारण तिथे ते बायकांचं काम. जेवण सात घरांतून, वाराप्रमाणे. आणि खोबरं किसायला तिथेही आपल्यासारखीच बसायची आडोळी, पुढे लोखंडी दात असलेली. "मगे माणसां बरी असतली," असं म्हणून गोदूबाईने निम्मी काळजी तिथेच सोडली.

प्रत्येक पत्राची शेवटची ओळ ठरलेली: 'आई, बुधवारी काय रांधलंस?' एरवी त्यांच्या घरात विकून उरेल ते शिजायचं. बुधवारी मात्र गोदूबाई सकाळीच पाटीतला चांगला मासा बाजूला काढून ठेवायची आणि गिऱ्हाईक कितीही गयावया करो, द्यायची नाही. आठवड्यातून एवढी एकच चैन तिने स्वतःला ठेवली होती.

चौथ्या महिन्यातलं पत्र सुशीलाने वाचायला घेतलं. 'सोमवारचं जेवण झुहुराच्या घरून येतं. झुहुरा माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. बाप होडीवर असतो. तिची आई नारळाच्या रसात शिजवलेली मासळी आणि भात झाकून पाठवते. व्रताचं सांगण्याइतकी भाषा मला येत नाही, म्हणून मी झाकण न उघडताच हसून नको म्हणतो आणि दोन केळी खाऊन राहतो. झुहुरा तीन आठवडे शाळेत आली नाही. ताप असेल. तिचा बाप मला बघून तोंड फिरवतो, ते मात्र का ते समजत नाही. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. ती बसली नाही तर तिला वरच्या शाळेत घेणार नाहीत, कायमची घरी राहील.'

"ताप नाय तो," गोदूबाई म्हणाली. "इतक्या शिकान गाढवच ऱ्हवलो."

तिला वरच्या आळीतलं एक घर आठवलं. नवरा वारला त्या वर्षी ती तिथे पाटी घेऊन जायची. घरची बाई ओटीवरूनच, पाटीत न बघता, नको म्हणायची. नको म्हणायला कोणाची ना नाही, पण निदान बघावं तरी. चार वेळा झालं. पाचव्या वेळी गोदूबाई त्या पायरीवर चढली नाही. बारा वर्षं झाली, अजून ती त्या आळीला वळसा घालून जाते.

"आणि ती बाई तर विकूक नाय येवक, रांधून धाडता," ती म्हणाली. तिला आता मुलाचा नाही, स्वतःचाच राग येत होता. हे वचन तिनेच घेतलं होतं.

"समजावन सांग म्हणान लिवतंय तेका," सुशीला म्हणाली.

"माका आता कोणी कितीय समजावल्यान, तरी मी ती पायरी चढतलंय काय?"

दुसऱ्या दिवशी ती देवाचा कौल घ्यायला गेली. काशीराम गुरवाने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "बा देवा रामेश्वरा म्हाराजा," त्याने गाऱ्हाणं घातलं, "तुझ्या भिकाजीचो सोमवार सोडून दी म्हाराजा."

डावी पडली.

गोदूबाईने पाच नारळ बोलून बघितले. पुन्हा डावी. अभिषेक बोलली. डावीच.

"गो गोदूबाय, देवाकडे घासाघीस करतंस?" काशीराम म्हणाला.

"मगे? जल्मभर दुसरा काय केलंय?"

ती खांबाला टेकून बसली. देवाला नारळांची काय कमी. सोमवार बोलताना तिने पोराच्या तोंडचा घास परस्पर देऊन टाकला होता. स्वतःचं असं तिने काहीच दिलं नव्हतं. ती उठली.

"तेच्या सोमवाराच्या बदली माझो बुधवार घी म्हणान सांग. तो परत येयपर्यंत."

काशीराम तिच्याकडे बघत राहिला. बुधवारी तिच्याकडून त्याच्याही घरी मासळी जायची, त्यामुळे ती काय सोडतेय ते त्याला कळत होतं. त्याने गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी लगेच पडली.

त्याच संध्याकाळी तिने पत्र सांगितलं: "देवान सोमवार सोडल्यान. ताट येवची वाट बघू नको. तूच तेंच्या घराक जा, थंय बसान जेव. आणि दुसऱ्यांदा मागून घी." बुधवाराचं तिने काही लिहू दिलं नाही.

उत्तर यायला दोन महिने लागले. आलं ते नेमकं बुधवारी. सुशीलाच्या पानात सरंगा माशाचं कालवण होतं. गोदूबाई पेज आणि आंब्याचं लोणचं घेऊन बसली होती. हात धुऊन दोघी दारात आल्या.

'मी गेलो. तिची आई आधी बोलेना. दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा हसली. दुसऱ्या दिवशी झुहुरा घंटेच्या आधी शाळेत हजर. परीक्षेत पहिली आली. आता गाव म्हणतंय, मास्तर, आणखी एक वर्ष राहा. राहू का? तू नको म्हणालीस तर वेळेवर परत येईन. आणि आई, बुधवारी काय रांधलंस?'

सुशीलाने पत्राची घडी केली आणि आईच्या पेजेच्या वाडग्याकडे बघितलं.

"ऱ्हव म्हणान लिव," गोदूबाई म्हणाली.

"आणि बुधवाराचा?"

"सरंगो लिव. आणि म्हण, आयशीन दोनदा घेतल्यान."